पोटऱ्यातली ज्वारी

पानं उघडी होती. अकरा वाजून गेले होते, मार्च सरत आला होता, छपराच्या पांढऱ्या प्लॅस्टिकखाली हवा नुसती थरथरत होती, आणि तरी मधल्या रांगेतल्या ज्वारीची पानं सकाळच्यासारखी पसरलेली होती. गिरिधर दारातच थांबला. ज्वारी बादल्यांत लावलेली होती, आणि त्यांचं पाणी तोडून पंधरवडा उलटला होता. या वेळेला पानांच्या सुरळ्या व्हायला हव्या होत्या. शेजारच्या रांगांत त्या झाल्याही होत्या, विडीसारख्या घट्ट, कडेनं पिवळ्या. मधली रांग मात्र उभी होती. ती त्याची रांग होती. म्हणजे बियाणे कंपनीचीच, पण वाण त्यानं धरलेला, वर्षानुवर्षं संकर करत, निवडत, टाकून देत, पुन्हा निवडत इथवर आणलेला. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता. त्याचं पहिलं बी गिरिधरनं तळहातावर घेतलं तेव्हा त्याची मुलगी गंधाली शाळेत होती, आणि आता तिच्या लग्नालासुद्धा वर्ष होऊन गेलं होतं.

त्याला आनंद झाला. इतक्या दिवसांनी झाला की त्याचं काय करायचं हेच त्याला समजेना. तो एका पालथ्या बादलीवर बसला. समोरच्या ताटांच्या पोटऱ्या फुगल्या होत्या. कणसं अजून पानांच्या पोटातच होती, आठवड्यात बाहेर पडली असती. पाण्याशिवाय. त्याच्या डोळ्यांपुढून वाटूरची काळी रानं गेली, भोकरदनकडची मुरमाड टेकाडं गेली, रब्बीच्या पेरणीनंतर ज्या जमिनींना भेगा पडतात त्या सगळ्या जमिनी गेल्या, आणि त्या सगळ्यांवर हे हिरवं उभं होतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. दिवसाउजेडी तो तिला कधी फोन करत नसे.

"अहो, काय झालं?" कल्याणीचा आवाज घाबरलेला होता. "बरं आहे ना तुम्हाला?"

"बरंय, बरंय. अगं, ज्वारी उभी आहे."

"कोण उभं आहे?"

"ज्वारी. माझी. पाणी तोडलंय, ऊन हे असं, आणि तरी…"

बोलता बोलता त्याच्या उजव्या हाताचं बोट बादलीतल्या मातीत गेलं. मुद्दाम नाही, सवयीनं गेलं. नाडी बघायची सवय असलेला माणूस हातात आलेल्या कुठल्याही मनगटावर जसं बोट ठेवतो तसं. वरचा थर कडक होता. पण त्याखाली माती गार होती. ओली होती. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला काळा चिखल चिकटून आला.

"हॅलो? अहो, ऐकू येतंय का?"

"नंतर बोलतो," तो म्हणाला.

त्यानं दुसऱ्या बादलीत बोट घातलं, मग तिसऱ्या. ओली. ओली. पुढची एक कोरडी, तिच्यापुढची पुन्हा ओली. ओल्या मातीचा तो वास त्याला आता आला, जो खरं तर आत शिरताक्षणीच यायला हवा होता; आनंदात नाक बंद झालं होतं की काय कोण जाणे. घरात चोरी झालेली कळावी तसं त्याला झालं, पण चोरी तरी कशी म्हणायची? इथून कोणी काही नेलं नव्हतं. आणून घातलं होतं.

कंपनीत नवी मुलं रुजू झाली की पहिलं व्याख्यान गिरिधरचं असे. दुष्काळ एक नसतो, तो सांगे. आधी आभाळाचा: पाऊस सरासरीच्या फार खाली गेला की वेधशाळा त्याला दुष्काळ म्हणते, आणि तिचं काम तिथं संपतं. पण सरासरी भरूनही पीक जातं. जूनमध्ये बदाबदा, सप्टेंबरमध्ये बदाबदा आणि मधे पीक फुलात असताना महिनाभर उघडीप, असा पाऊस कागदावर पुरेसा दिसतो. मुळापाशी ओल नसते. तो मातीचा दुष्काळ. विहिरींचा त्याच्याही मागून येतो, दबकत, कित्येक महिन्यांनी, लोक मागचा पाऊस विसरून गेलेले असतात तेव्हा. आणि त्यात आभाळापेक्षा माणसाचाच हात मोठा असतो, कारण खाली मुरतं थोडं आणि बोअर उपसतात जास्त. माणसांचा दुष्काळ चौथा. गावं रिकामी होणं, घरं दोन ठिकाणी फुटणं, पाण्यासाठी शाळा सुटणं, सोयरिकी अडणं. पण तिथं येईतो बहुतेक वेळा चहा आलेला असे, आणि 'तो समाजशास्त्रवाल्यांचा विषय' म्हणून गिरिधर पुढं जाई. त्याचा स्वतःचा दुष्काळ यांतल्या कशातच बसत नव्हता. तो छपराखालचा होता. नळाला कुलूप होतं, अवकाळीचा शिंतोडाही पडू नये म्हणून वर प्लॅस्टिक होतं, आणि तो तारखेला सुरू होई, तारखेला संपे. असा स्वच्छ दुष्काळ जगात दुसरीकडं कुठं नाही, असं तो कधी कधी थट्टेनं म्हणे.

शौनक आत आला तेव्हा गिरिधर बोटाची माती रुमालाला पुसत होता. शौनक त्याच्या हाताखालचा तरुण शास्त्रज्ञ. हुशार, नीटनेटका, कामात कधी न चुकणारा. त्यानं पानं बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "सर! फोटो टाकू का हैदराबादला, हेड ऑफिसला?"

"बोट घालून बघ."

शौनकनं बघितलं. मग तो बादल्यांकडं बघतच हळू आवाजात म्हणाला, "सर, त्यांच्या पाहणीला आठवडा आहे. तोवर माती वाळेल. पानं अशीच राहतील."

त्याला नेमकं काय म्हणायचं आहे हे गिरिधरला लगेच कळलं, आणि आपल्याला ते इतक्या लगेच कळलं याचीच त्याला भीती वाटली. म्हणजे तेच आपल्याही मनात आलं होतं. वाण पास झाला असता. एक-दोन वर्षांत पिशव्या भरल्या असत्या, पिशवीवर हिरवं कणीस छापलं असतं, आणि नव्या जालन्यातल्या दुकानातून ती पिशवी मोटारसायकलला बांधून कोणीतरी वाटूरला नेली असती, पाण्याशिवाय तगते म्हणून. आणि ती तगली नसती. कदाचित तगलीही असती. आता ते कधीच कळणार नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "हंगाम बाद. पुढच्या वर्षी पुन्हा."

"मग आजच कळवावं लागेल. पाणी कोणी घातलं तेही विचारतील."

"कळव," गिरिधर म्हणाला. तो वाणाचा विचार करत होता. एवढ्या एका शब्दाबरोबर आपण कोणाला देऊन टाकलं, हे त्याच्या ध्यानात यायला आणखी तासभर लागायचा होता.

कोणी घातलं हे दोघांनाही ठाऊक होतं. छपरात कुलपाच्या किल्लीवाल्यांशिवाय एकच माणूस जाई: दुर्गाबाई. पन्नाशीची, वाटूरची, गेल्या संक्रांतीनंतर कामाला लागलेली. बादल्यांतलं तण काढणं, पाखरं हाकणं, गळालेली पानं वेचणं हे तिचं काम. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत एका पत्र्याच्या खोलीत ती आणखी दोघी बायांबरोबर राहत असे. बोलायची कमी. ती लिंबाखाली भाकरी सोडून बसली होती. गिरिधर समोर जाऊन उभा राहिला तशी ती पदर सावरून उठायला लागली.

"बसा, बसा. दुर्गाबाई, मधल्या रांगेला पाणी कोणी घातलं?"

"म्या घातलं," ती म्हणाली. न अडखळता म्हणाली, आणि गिरिधरनं जुळवून आणलेले पुढचे सगळे प्रश्न वाया गेले.

"नळाला तर कुलूप आहे."

"माझ्या कॅनातलं घातलं." शेजारी तिची पिण्याच्या पाण्याची कॅन होती, जुन्या तेलाची, बुचाला फडकं बांधलेली. तिच्या वस्तीत टँकर चार दिवसांआड येतो, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं.

"तुमच्या पिण्याचं पाणी?"

"मंग दुसरं कुठलं आणू?"

"तुम्हाला सांगितलं होतं ना, इथं थेंबही घालायचा नाही?"

"सांगितल्तं. बराबर सांगितल्तं." तिनं भाकरीवर फडकं ओढलं. "लई दिवस कळ काढली साहेब. तोंड फिरवून तण काढलं. मंग ती पोटऱ्यात आली. पोटुशी बाई दारात उभी राह्यली, आन तिला पानी न्हाई म्हनायचं? माझ्यानं न्हाई झालं."

"अहो, पण हा प्रयोग आहे. कोणती ज्वारी पाण्याशिवाय तगते, ते बघतोय आम्ही. तुमच्याचसाठी. वाटूरच्या रानासाठी."

"आसंल," ती म्हणाली. त्यात उपरोध नव्हता. तिला ते खरंच शक्य वाटत होतं. मग ती लिंबाच्या खोडाकडं बघत बोलायला लागली, त्याला सांगायला म्हणून नव्हे, बोलायला लागली एवढंच. "गेल्या साली मिरगात पाऊस चांगला झाला आमच्याकडं. सोयाबीन पेरलं. मांडीला लागलं. मंग पावसानं जी दडी मारली, ती पोळा झाला तरी त्याचा पत्त्या न्हाई. शेंगा धरल्या, पन चपट्याच राह्यल्या. वाळल्यावर आल्ता पाऊस, न्हाई असं न्हाई. हिरीला पानी बी आलं. मंग ज्यानं त्यानं मोटरी टाकल्या, वरच्या अंगाला नवे बोर झाले, आन संक्रांतीला आमची हिर खडखडीत. बैलं कुठं न्यावं म्हनून मालक तिकडंच राह्यले. मी हिकडं आले."

ती गिरिधरचंच व्याख्यान सांगत होती, त्याच क्रमानं, फक्त तिचा चहा मधे आला नव्हता. मालक म्हणजे तिचा नवरा पुंजाराम. तो रिकाम्या घरात दोन बैलांशी बोलत असेल, आणि ही इथं दुसऱ्यांच्या बादल्यांतलं तण काढते.

"तिकडं पानी नव्हतं म्हनून वाळलं," ती म्हणाली. "ते समजतं मला. हितं तर पानी हाय. कुलपात हाय. आन तुमी वाळवून राह्यलात. हे न्हाई समजत. तुमी शिकलेले, तुमचं बराबर आसंल. पन मला न्हाई समजत."

ती चुकली होती. तिनं एक हंगाम नासवला होता, आणि हंगाम म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हे सगळं तिला सांगायला हवं होतं. पण तो वळला आणि निघाला. तो कुंपणाच्या कडेकडेनं चालत राहिला. ऊन डोक्यावर आलं होतं. अण्णा, त्याचे वडील, अशाच उन्हात बागेच्या बांधावरून चालायचे. राजूरच्या अलीकडं त्यांची मोसंबीची बाग होती. थंडीत अण्णा बागेचं पाणी तोडायचे. पानं मलूल व्हायची, पिवळी पडून गळायची, झाडं बघवायची नाहीत. आठ वर्षांचा गिरिधर एकदा रडत त्यांच्याकडं गेला होता. "अरे, याला ताण देणं म्हणतात," अण्णा म्हणाले होते. "झाडाला वाटतं आता आपण मरणार. मग ते फुलतं." आणि खरंच, पाणी सोडल्यावर महिन्याच्या आत सगळी बाग पांढरी झाली होती, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं वास आला म्हणून रस्त्यात थांबत होती. त्या वासातून गिरिधर आयुष्यभर बाहेर आलाच नाही. शेतकी महाविद्यालयात गेला तो त्यासाठी, नोकरी धरली ती त्यासाठी. अडवलं की फुलतं, एवढं एकच सत्य आपल्याला कळलंय असं त्याला वाटे. पुढं तो मोठा दुष्काळ आला त्या थंडीतही अण्णांनी ताण दिला होता. नेहमीसारखा दिला, पानं नेहमीसारखी गळली, आणि पाणी सोडायची वेळ आली तेव्हा विहिरीनं तळ दाखवला. झाडं वाट बघत राहिली. होळीपर्यंत त्यांच्या फांद्या वाकवल्या तर वाकत होत्या, नंतर मोडायला लागल्या. गिरिधर जालन्याहून जाई तेव्हा अण्णा बांधावर बसलेले असत. एकदा ते म्हणाले, "चूक ताणाची नव्हती रे. सोडायचं पाणी हाताशी असेल त्यानंच ताण द्यावा. मी आधी विहीर बघायला हवी होती."

हे आठवलं आणि गिरिधर चालायचा थांबला, कारण त्याला बागेऐवजी त्याच्या घरातली बैठकीची खोली दिसत होती. तिथं दीड वर्षापूर्वी गंधालीचा पुण्याहून फोन आला होता: बाबा, मी आणि ऋषीनं लग्न ठरवलंय. ऋषीत नाव ठेवायला जागा नव्हती. शिकलेला, शांत, एकदा घरी येऊन गेलेला मुलगा. पण तिनं विचारलं नव्हतं, कळवलं होतं. गिरिधर रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त बोलणं बंद केलं. थोडे दिवस, त्याला वाटलं होतं. तिला कळेल, ती येईल, जवळ बसेल, आणि मग तो असा काही मोकळा होईल की तिनं त्याला तसं कधी बघितलं नसेल. पुण्याच्या नोंदणी कार्यालयात कल्याणी एकटी गेली. आता गंधालीचा फोन आईला येई, आणि गिरिधर आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून कल्याणीच्या अर्ध्या संभाषणावरून दुसरं अर्धं जुळवत बसे. हो का? ताप किती आहे? बरं, सांगते. 'सांगते' म्हणजे त्याला, पण कल्याणीही हल्ली काही सांगत नसे. तीही वाळत चालली होती, आणि तो तिच्याशी ज्वारीबद्दल बोलत होता. अबोला धरताना आपल्याजवळ सोडायला काय आहे, हे त्यानं बघितलं नव्हतं. आणि आज ते शोधायला गेल्यावर त्याला आत काही सापडेना. इतक्या दिवसांत तेही आटलं होतं.

तो परत आला तेव्हा लिंबाखाली मोटारसायकल उभी होती. मजूर पुरवणारा संपत आला होता. दुर्गाबाई आपली पिशवी भरत होती.

"काय झालं?" गिरिधरनं विचारलं.

"हैदराबादहून फोन आल्ता साहेब," संपत म्हणाला. "बाईला आजपासून बंद करा म्हने."

शौनक ऑफिसच्या दारात उभा होता. "सर, त्यांनी नाव विचारलं," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात कळव." तो काही खोटं बोलत नव्हता.

गिरिधरनं तिथूनच हैदराबादला फोन लावला. बाईंना प्रयोग काय आहे हे आपण कधी समजावून सांगितलं नाही, नुसतं 'घालू नका' म्हटलं, चूक आपली आहे, असं त्यानं सांगितलं. पलीकडचा आवाज सभ्य होता. तुमची चूकही नोंदवून घेऊ, तो म्हणाला. पण नियम तो नियम, आणि सगळ्या रांगा उपटून छप्पर रिकामं करा. "दुसरीकडं लावता येईल का यांना?" गिरिधरनं संपतला विचारलं. "बी निवडायला वगैरे?"

"वरून नाव आलंय साहेब. माझ्या हातात काय हाय?"

"ऱ्हाऊ द्या," दुर्गाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता, आणि तो असता तर गिरिधरला बरं वाटलं असतं. "जाते गावाकडं. मालक एकलेच हायेत. दोघं मिळून काय बी करू." तिनं कॅन उचलली, हलवून बघितली, तळाशी राहिलेलं पिऊन टाकलं. मोटारसायकलवर बसता बसता ती थांबली. "साहेब, मोडला ना आता तुमचा प्रयोग?"

"मोडला."

"मंग आता तरी त्यायला पानी घालाल का?"

संपतनं किक मारली. ती मागं वळली नाही.

गिरिधरनं किल्ली आणली, नळाचं कुलूप काढलं आणि पाईप ओढत छपरात नेला. मधल्या रांगेला पाणी घातलं, तिनं ते घेतलं. शेजारच्या रांगांना घातलं, तर ते आल्या पावली खालच्या भोकांतून बाहेर पडलं. माती आकसून बादलीच्या कडेपासून सुटली होती. पाणी त्या फटीतून सरळ खाली जात होतं आणि मधला गड्डा होता तसाच दगडासारखा राहत होता. हे त्याला ठाऊक होतं, मुलांना शिकवलेलं होतं. त्यानं पाईप टाकला आणि पाण्याचा पेला घेतला. एकेका बादलीत थोडंसं, बुंध्यापाशी. मग थांबायचं. मुरायची वाट बघायची. मग पुन्हा थोडंसं. काही ताटं वाचणार नव्हती, ते दिसत होतं. ज्यांचं पान बोटात चुरलं गेलं त्यांनाही त्यानं घातलं. शर्ट पाठीला चिकटला. दुपार कलली. उद्या माणसं येऊन सगळं उपटणारच होती, पण तो पेला भरत राहिला.

मग मातीच्याच हातानं त्यानं फोन काढला. गंधालीचा नंबर शोधायला वेळ लागला, इतका तो खाली गेला होता. घंटा बराच वेळ वाजली.

"हॅलो," गंधाली म्हणाली.

"मी बोलतोय."

"दिसलं नाव."

"जेवलीस का?"

"चार वाजलेत, बाबा."

"हो." त्यानं पेला दुसऱ्या हातात घेतला. "ऋषी कसा आहे?" हे नाव त्यानं तोंडानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

पलीकडं कुठंतरी दार लावल्याचा आवाज आला. ती एकटी झाली असावी. "बरा आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं: "का?"

त्या 'का'त काटा नव्हता. ओलावाही नव्हता. माफ कर म्हणावं, तर दीड वर्ष त्या एका शब्दात मावणार नव्हतं. तो शब्द तसाच खाली निघून गेला असता. "काही नाही," तो म्हणाला. "विचारलं. उद्या करू का फोन? याच वेळेला?"

तिनं फोन ठेवला नव्हता, श्वास ऐकू येत होता.

"करा," ती शेवटी म्हणाली. "पण मी वाट बघणार नाही."

"नको बघूस," गिरिधर म्हणाला. "मी करीन."